मुलाखतीत 'आम्ही म्हणजे कोण?' असे विचारले गेले, तेव्हापासून

आर्णीकडची:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातील असून कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. महाविद्यालय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. मी वसतिगृहात राहते, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने गावी येते आणि रविवारी रात्री परत जाते. हे वेळापत्रक सुरुवातीलाच सांगण्याचे कारण पुढे येईल.

पुण्यातील एका संस्थेने पीक-निरीक्षणाच्या कामासाठी उन्हाळी इंटर्नशिपच्या सहा जागा काढल्या होत्या. आधी अर्ज, मग त्यांनी दिलेल्या आकडेवारीवर दोन पानांचे टिपण आणि शेवटी नागपुरात समोरासमोर मुलाखत, अशा तीन पायऱ्या होत्या. आमच्या वर्गातून चौघांनी अर्ज केले होते आणि शेवटच्या पायरीपर्यंत मी एकटीच पोहोचले. निवड झाली नाही, असा तीन ओळींचा ई-मेल मागच्या आठवड्यात आला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या चाळीस मिनिटांत जे घडले ते अजून डोक्यातून गेलेले नाही, म्हणून लिहीत आहे.

यंदाच्या खरिपात मी आमच्या अडीच एकर कपाशीत गुलाबी बोंडअळीचे पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने या किडीच्या नर पतंगांना ओढणारे) लावले होते. ऑगस्टपासून रोज सकाळी प्रत्येक सापळ्यात रात्रभरात किती पतंग सापडले, याची नोंद एका वहीत ठेवली आणि त्यावरून काढलेला आलेख अर्जाला जोडला. खरे सांगायचे तर मला त्या आलेखाचा अभिमान होता. मुलाखतीची पहिली दहा मिनिटे बरी गेली, कारण स्वतःची ओळख आणि 'ही इंटर्नशिप का हवी' याचे उत्तर मी खोलीवर आरशासमोर पाठ केले होते. त्यानंतर मध्यभागी बसलेल्या मॅडमनी तो आलेख माझ्याकडे वळवून ठेवला आणि विचारले, "दर सातव्या दिवशी पतंगांची संख्या वाढलेली दिसते. असे का होत असावे?"

आलेख मी स्वतः काढला होता, परंतु दर सातव्या दिवशी येणारा तो उंचवटा मला तोपर्यंत दिसलाच नव्हता. मी ढगाळ हवामानाचे कारण दिले, ते पटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळल्यावर चंद्राचे दिले. हवामान आठवड्याच्या वारांप्रमाणे बदलते का, असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. मग म्हणाल्या, "नोंदी कोणी घेतल्या?" मी म्हणाले, "आम्ही घेतल्या." त्यावर त्यांचा प्रश्न आला, "आम्ही म्हणजे कोण?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण बराच लागला असावा. आमच्या घरात 'मी केले' असे कोणी म्हणत नाही. बाबा वर्षभर राबले तरी दिवाळीला पाहुण्यांना सांगताना "यंदा बरं पिकलं" एवढेच म्हणतात, जणू शेत आपोआप पिकले. महाविद्यालयात अहवाल लिहायला शिकलो ते 'सापळे लावण्यात आले', 'निरीक्षणे नोंदविण्यात आली' या भाषेत, आणि त्या वाक्यांमध्ये तर माणूसच नसतो. शेवटी मी सांगितले की सापळे मी लावले आणि रविवारी मोजते मी, परंतु सोमवार ते शनिवार आई मोजते आणि संध्याकाळी फोनवर आकडे सांगते, ते मी वहीत उतरवते. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. अर्जात मी तिचा उल्लेख केला नव्हता, आणि तो विसरून राहिला असे म्हणणे खोटे ठरेल. तिचे नाव आले तर नोंदी कमी शास्त्रीय वाटतील, अशी मला भीती होती. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, "त्यांची मोजणी बरोबर असते, हे तुम्ही कशावरून ठरवले?" मी "ठरवले नाही" असे म्हणाले. त्यानंतर पाचेक मिनिटांत मुलाखत संपली.

गणेशपेठ बसस्थानकावरून यवतमाळची गाडी धरली तेव्हा निकाल यायचा होता, त्यामुळे नापास झाल्याचे दुःख तेव्हा नव्हतेच. आपल्याच वहीविषयी आपल्याला काही माहीत नाही, हे मात्र टोचत होते. तेव्हापासून मला एक खोडच लागली आहे. परवा वर्गात गटाने केलेल्या माती परीक्षणाच्या कामाचे सादरीकरण करताना मी मध्येच थांबले आणि नमुने दोन मैत्रिणींनी गोळा केले, मी फक्त अहवाल लिहिला, असे सांगून टाकले. कोणी विचारलेले नसताना मी असे का बोलले हे त्यांना कळेना. बाहेर आल्यावर एकीने विचारलेच, "काऊन व, का झालं तुले?"

माझे विचारणे असे आहे की, केलेल्या कामातला आपला वाटा सांगताना बढाईही वाटू नये आणि खोटा नम्रपणाही होऊ नये, हे तुम्ही लोक कसे साधता? आणि त्याच संस्थेकडे पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करावा काय? मागची मुलाखत त्यांच्या लक्षात असेल, या विचारानेच संकोच होतो.

वणीवाला:

ताई, मी अभियांत्रिकी शिकून आता एका कंपनीत काम करतो आणि वर्षातून एकदा इंटर्न निवडण्याच्या मंडळात मलाही बसवतात, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

आपल्याकडे शाळेपासून शेवटच्या वर्षापर्यंत जी तोंडी परीक्षा होते, तिच्यात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते आणि ते तुम्हाला येते की नाही एवढेच त्याला पाहायचे असते. तुमच्या मुलाखतीत बहुधा तसे नव्हते. दर सातव्या दिवशीच्या वाढीचे कारण त्या मॅडमनाही माहीत नसावे. त्यांना ते तुमच्याबरोबर बसून शोधायचे होते, आणि तुम्ही त्याला तोंडी परीक्षेतला प्रश्न समजून पाठातले उत्तर शोधत राहिलात. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही नेमके हेच केले होते. एका यंत्राचा भाग मी स्वतःच्या हाताने तीनदा बदलला होता, पण प्रत्येक वाक्य 'आमच्या प्रोजेक्टमध्ये' असे सुरू करत गेलो, आणि शेवटी समोरच्या माणसाने "तुमच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही होतात ना?" असे हसून विचारले. ते हसणे मला दोन वर्षे पुरले.

नंतर मी एक सवय लावून घेतली. संपलेल्या कामातील क्रियापदे एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहायचे. ठरवले कोणी, आणले कोणी, जोडले कोणी, मोजले कोणी, लिहिले कोणी. हे लिहून झाल्यावर 'मी' म्हणायला लाज वाटत नाही, कारण तो शब्द चारच क्रियापदांपुढे आलेला असतो आणि उरलेल्यांपुढे दुसऱ्यांची नावे असतात. तुमच्या मैत्रिणींना जे खटकले त्याचे कारणही मला वाटते हेच की, तुम्ही नमुन्यांचे श्रेय त्यांना दिलेत ते योग्य केले, परंतु अहवाल लिहिणे म्हणजे 'फक्त' कसे? चार जणांची विस्कळीत निरीक्षणे एका सूत्रात आणणे हे कामच आहे. तो 'फक्त' काढून टाका.

"ठरवले नाही" हे तुमचे उत्तर त्या दिवशीचे सर्वांत चांगले उत्तर होते, असे माझे मत आहे. निवड न होण्याची कारणे अनेक असतात, जागा सहाच होत्या. जाहिरातीत मनाई नसेल तर पुन्हा अर्ज अवश्य करा, आणि अर्जात मागच्या मुलाखतीचा उल्लेख स्वतःहून करा.

धानपट्टा:

वणीवाले दादांचा सल्ला चांगला आहे, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, आणि ते कडू वाटल्यास क्षमा असावी.

मी भंडारा जिल्ह्यातला, घरी चार एकर धान. गेल्या दीड वर्षात मी चार ठिकाणी अशा मुलाखती दिल्या आणि एकाही ठिकाणी निवड झाली नाही. दरवेळी सांत्वन करणारे 'अनुभव तर मिळाला, व्यक्तिमत्त्व घडले' असे म्हणतात. नकाराला विकास म्हणण्याची ही घाई मला पटत नाही. दोनदा पुण्याला आणि एकदा मुंबईला जाण्याचा खर्च घरून झाला, त्या पैशांत रोवणीच्या वेळी मजूर लागले असते. ताईंनी पुन्हा अर्ज करण्याआधी पुण्यात दोन महिने राहण्या-जेवण्याचा खर्च आणि विद्यावेतन यांचा हिशेब मांडावा, कारण निवड झाल्यानंतर हा प्रश्न येतोच. २०२४ मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा ती महिन्याला पाच हजार रुपये आणि एकदाच सहा हजार रुपये देत होती, परंतु ती एकवीस ते चोवीस वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्यांसाठी होती. नियम तेच असतील तर ताईंना ती आत्ता उपयोगी नाही, पदवीनंतर विचार करता येईल.

पण मुख्य मुद्दा पैशाचा नाही. मुलाखतींनी मला बदलले हे खरे आहे, मात्र तो बदल सगळाच चांगला नव्हता. पहिल्या मुलाखतीत घरची परिस्थिती विचारली तेव्हा मी अडखळत, खाली पाहत सांगितली. दुसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की आई दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणीला जाते हे सांगितल्यावर समोरची माणसे पुढे झुकून ऐकतात. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत मला कोणत्या शब्दानंतर थांबायचे हेही कळू लागले होते. मी खोटे काहीच बोललो नाही, तरीही बाहेर पडल्यावर स्वतःचीच किळस आली, कारण आईच्या पाठीचे दुखणे मी पाच गुणांना विकून आलो होतो, आणि ते गुणही मिळाले नाहीत. चौथ्या मुलाखतीत मी घराबद्दल एक अक्षर बोललो नाही, तेव्हा 'उमेदवार मोकळेपणाने बोलत नाही' असा अभिप्राय आला.

म्हणून ताईंना सांगणे एवढेच की, पुढच्या वेळी 'चौथी शिकलेली आई आणि कामगंध सापळे' ही गोष्ट फार परिणामकारक ठरेल, हे तुमच्याही लक्षात येईल. तेव्हा जपा.

निवृत्त_कृषी_अधिकारी:

तिन्ही पत्रे वाचली. बेटा, मी पस्तीस वर्षे कृषी विस्ताराच्या कामात काढली आहेत. मुलाखतीच्या तंत्राबद्दल वरच्या दोघांनी पुरेसे लिहिले आहे, तेव्हा मी तुझ्या वहीबद्दल बोलतो. 'मोजणी बरोबर असते हे कशावरून' हा प्रश्न तुझी परीक्षा घेण्यासाठी होता असे मला वाटत नाही. त्याचे उत्तर शेतात आहे आणि ते तुला आठवडाभरात मिळू शकते.

बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली आणि दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये. पुढे गुलाबी बोंडअळीने या दोन्हींना जुमानणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झाले ते तुझ्या घरच्यांना मी सांगायला नको. म्हणूनच सापळ्यातील मोजणीला आता एवढे महत्त्व आले आहे. हेक्टरी पाच सापळे ही शिफारस तू पाळली आहेस, कारण अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे उपाय करण्याची वेळ आली, असे समजतात. पतंगांवर विसंबून न राहता वीस हिरवी बोंडे फोडूनही पाहावीत आणि त्यांपैकी दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर उपाय करावा. बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून काही दिसत नाही, हे तू शिकलीच असशील. डोमकळ्यांकडे (अळीमुळे न उमललेल्या फुलांकडे) मात्र फुलोऱ्यातच लक्ष ठेवायचे असते.

आता तुझा सातवा दिवस. आठवड्याच्या वाराप्रमाणे वाढणारी कीड मी आजवर पाहिलेली नाही, पण आठवड्याच्या वाराप्रमाणे बदलणारा मोजणारा तुझ्या वहीतच आहे. रविवारी तू मोजतेस. तेव्हा पतंग वाढत नाहीत, मोजणाराचा हात बदलतो, अशी मला दाट शंका आहे. शंका एवढ्यासाठी म्हणतो की ती तपासल्याशिवाय खरी मानू नये. कामगंध ल्यूर (सापळ्यातले आमिष) त्याच जातीच्या नर पतंगांना ओढते हे खरे, पण नरसाळ्याच्या सापळ्यात भलतेच किडेही चुकून पडतात, आणि पिशवी रोज रिकामी झाली नाही तर कालचे पतंग आजच्या हिशेबात येतात. तू आणि आई दोघींनी एकाच सकाळी, एकमेकींना न सांगता, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहावेत आणि नंतर ताडून पाहावेत. कापूस वेचणीला आला असला तरी सापळे अजून शेतात असतील, असे गृहीत धरतो.

हे एवढ्या बारकाईने सांगण्याचे कारण हे की, चुकीचा आकडा वहीत राहत नाही, तो पाठीवरच्या पंपापर्यंत जातो. २०१७ च्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दिवसांत मी रुग्णालयाच्या आवारात उभा राहिलेला माणूस आहे. नको तेव्हा झालेली फवारणी ही नुसती पैशाची नासाडी नसते.

पुन्हा अर्ज कर किंवा करू नकोस, आधी हे मोज.

मंगरूळची_काकू:

एवढी तीन लांबलचक पत्रे आली, पण आईला विचारलेस काय, हे कोणीच म्हटले नाही. ती कसे मोजते?

आर्णीकडची:

बारा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. दिवाळीच्या सुट्टीमुळे मी घरीच होते आणि सापळे शेतात होते, म्हणून काकांनी सांगितल्याप्रमाणे नऊ सकाळी (मधली एक सोडून) आम्ही दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले. (वरच्या वाक्यातील 'आम्ही' म्हणजे मी आणि आई. ती खोड अजून गेलेली नाही.)

पहिल्या तीन सकाळी माझा आकडा आईच्या आकड्यापेक्षा प्रत्येक सापळ्यामागे दोन ते चारने जास्त आला. आईला आकडे गाळण्याची सवय असावी, अशी माझी समजूत झाली आणि मी तिला तसे म्हणालेही. चौथ्या दिवशी काकूंचा प्रश्न आठवून मी काही न मोजता तिच्याशेजारी धुऱ्यावर (बांधावर) बसले. आई सापळ्याची पिशवी सोडते आणि सुपात उलटी करते. मग बोटाने एकेक पतंग बाजूला सारत जाते, करड्या रंगाचे ते लहान पतंग एका कडेला आणि बाकीचे "थो आपला नाही" असे म्हणत सुपाबाहेर. आतापर्यंत मी पिशवी बाहेरूनच उजेडासमोर धरून त्यातले दिसेल ते मोजत होते, भलत्या जातीचे पतंग, तुटलेले पंख, सगळेच. वर पुस्तकात पतंगाचे चित्र काढून त्याला रंग देऊन गुणही मी घेतलेले आहेत. सुपाची युक्ती मला आधी का सांगितली नाहीस असे विचारले, तर आई म्हणाली, "तू इचारलंच कुठी?"

पाचव्या दिवसापासून मीही सुपात मोजू लागले, तेव्हापासून दोघींच्या आकड्यांत एकापेक्षा जास्त फरक पडला नाही. म्हणजे वहीतील दर रविवारचा उंचवटा माझा होता. काका, सलग तीन रात्रींच्या नियमाबद्दल वाचताना मला सप्टेंबरमधला एक रविवार आठवला. त्या दिवशी माझ्या मोजणीत दहा पतंग आले म्हणून बाबांनी पंप काढून धुऊन ठेवला होता आणि मजूरही सांगून ठेवला होता. सोमवारी आईने सहा सांगितले, मंगळवारी पाच, त्यामुळे फवारणी राहून गेली. तेव्हा मला वाटले होते की आईच्या कमी मोजण्यामुळे योग्य वेळ हुकली, आणि मी फोनवर चिडलेही होते.

त्या मॅडमनी विचारलेला प्रश्न आईच्या मोजणीवर होता. माझ्या मोजणीबद्दल त्या खोलीत कोणीच विचारले नाही, आणि मलाही ते सुचले नाही. या गोष्टीवर मी अजून विचार करते आहे.

वणीवाले दादा, क्रियापदांची यादी केली. वहीच्या कामापुढे माझे नाव पाच ठिकाणी आले, आईचे दोन ठिकाणी, पण त्या दोनांपैकी एक 'मोजले' हे आहे आणि आठवड्यातल्या सात दिवसांपैकी सहा दिवस ते तिचे आहे. अहवालातला 'फक्त' काढला. मैत्रिणींशीही बोलले, त्यांचे म्हणणे असे की श्रेय द्यायचे होते तर आधी सांगायचे, सगळ्यांसमोर एकदम नाही. हेही मला पटले.

धानपट्टा दादा, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना बरे वाटले नाही, कारण सुपाचा प्रसंग इथे लिहितानाच तो मुलाखतीत किती शोभेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. नव्या अर्जात मी आईचे शिक्षण लिहिणार नाही. वहीत 'मोजणी कोणी केली' असा एक नवा रकाना आखला आहे आणि आलेख पुन्हा काढते आहे. त्यात रविवारच्या जुन्या आकड्यांचे ठिपके पोकळ ठेवणार आहे आणि खाली त्याचे कारण एका ओळीत देणार आहे. खर्चाचा हिशेबही मांडला. विद्यावेतनात पुण्यातील खोली आणि मेस जेमतेम भागते, प्रवास घरून करावा लागेल. बाबा हो म्हणाले आहेत.

अर्ज करायचा, असे ठरवले आहे. मी ठरवले आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. नव्या रकान्यात तिचे नाव लिहू का, असे काल आईला विचारले. ती वेचणीवरून नुकतीच आली होती. म्हणाली, "टाक नाव, मले काय त्याचं. पन एकोणीस तारखेची मोजणी माही नाही. थ्या दिवशी मी दिग्रसले तेरवीले गेली होती." मी वही उघडून पाहिली. १९ सप्टेंबरसमोर पाचही सापळ्यांचे आकडे आहेत आणि ते माझ्याच अक्षरात आहेत. त्या संध्याकाळी फोनवर ते मला कोणी सांगितले, हे मला आठवत नाही. धाकटा भाऊ आज कापूस घेऊन जिनिंगवर गेला आहे, परत आला की त्याला विचारते.